पांढरी पाचच्या जरा वर

रात्रीचे साडेअकरा. भोपाळच्या बरखेड्यातल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत तू आजोबांच्या टेबलाशी बसली आहेस. आई भेलमध्ये, म्हणजे हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, आहे म्हणून क्वार्टर अजून हातात आहे. टेबल मात्र आजोबांचं, विजय मार्केटातून आणलेलं, एका पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय डुगडुगणारं.

लॅपटॉपवर एकच शॉट पुन्हा पुन्हा फिरतोय. सबस्टेशनच्या जाळीबाहेर एक पोरगी उभी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यात तिला कुणीतरी काहीतरी मोजतंय असं ऐकू येतं. पुढे कळतं की तो निरोप आहे, फार लांबून निघालेला. वीस मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म, त्यात चौदा मिनिटं संगीत, आणि ते तुला करायचंय. शॉट ३५ सेकंदांचा. फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते. बारा चौकटींना एक टिक धरली तर मिनिटाला १२० मात्रा. झपतालाचं आवर्तन पाच सेकंदांत संपतं, म्हणजे अख्ख्या शॉटमध्ये बरोबर सात आवर्तनं. हे गणित तू संध्याकाळीच करून ठेवलंयस. गणित जमलं की संगीत जमल्यासारखं वाटतं, तेवढ्यापुरतं.

दिग्दर्शक मित्र पुण्यात आहे. त्यानं तात्पुरतं म्हणून शॉटखाली 'इंटरस्टेलर'चा ऑर्गन लावून पाठवलाय आणि खाली लिहिलंय, 'अस्संच, पण आपलं.' तात्पुरतं संगीत ही फार वाईट गोष्ट असते. स्टॅन्ली क्युब्रिकनं '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत लिहून घेतलं, रेकॉर्डही केलं, आणि शेवटी तात्पुरत्या लावलेल्या जुन्या तबकड्याच ठेवल्या. आपलं संगीत फिल्ममध्ये नाही हे नॉर्थला चित्रपट बघायला बसल्यावर कळलं. तुझा मित्र काही क्युब्रिक नाही, पण सवय तीच.

तुझ्या लॅपटॉपमध्ये सबंध ऑर्केस्ट्रा आहे. सोळा पहिली व्हायोलिनं, चौदा दुसरी, खाली चेलो, डबल बास, चार हॉर्न. कुणी उशिरा येत नाही, कुणी चहा मागत नाही. आणि काहीही वाजवलं तरी ते कुठल्या तरी ट्रेलरसारखं वाजतं.

तेवढ्यात वीज जाते. हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वस्तीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पंखा थांबतो. फ्रिज एकदा खोकतो आणि गप्प होतो. मग तुला जाणवतं की आणखी काहीतरी थांबलंय, जे चालू होतं हेच तुला ठाऊक नव्हतं. मागच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचं घुमणं.

आजोबा याबद्दल भरपूर बोलायचे. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलं, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झालं, आणि नागपुरातले कितीतरी मराठी कारकून फायलींबरोबर इकडे आले. त्यांच्या मागून आजोबा आले ते फायलींसाठी नाही, तांब्याच्या तारेसाठी. ब्रिटनच्या एईआय कंपनीच्या मदतीनं उभा राहिलेला कारखाना, नेहरूंनी १९६० च्या नोव्हेंबरात देशाला अर्पण केलेला, आणि त्यात ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळणारे आजोबा. आत लोखंडी पत्रे असतात, ते सांगायचे, एकावर एक रचलेले. वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. प्रत्येक फेरीत पत्रा दोनदा चुंबक होतो आणि दर वेळी केसाच्या जाडीइतकाही नाही, पण ताणला जातो. पन्नास दुणे शंभर. सेकंदाला शंभर कंपनं. तू पेटी शिकायला लागलीस तेव्हा त्यांनी तुला मागच्या गल्लीत नेऊन उभं केलं होतं आणि विचारलं होतं, 'सांग, कुठली पट्टी?' तू घरात पळत जाऊन पट्ट्या दाबून बघितल्यास. मंद्रातली पांढरी पाच ९८ कंपनांची. ट्रान्सफॉर्मर तिच्या जरा वर होता, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शानं. पेटीत तो सूर नव्हता.

आता अंधारात तू तोच सूर परत यायची वाट बघतेस. आणि घुमणं येतं. पण चुकीच्या सुरात.

काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध. सेकंदाला १२० कंपनं. म्हणजे ही वीज पन्नासची नाही, साठची. तू अमेरिकेत आहेस.

लॉस एंजेलिस, १९५१. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा रेकॉर्डिंगचा हॉल. पडद्यावर वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एक तबकडी उतरतेय आणि बर्नार्ड हरमन नावाचा तापट चेहऱ्याचा माणूस हातात छडी घेऊन उभा आहे. तू व्हायोलिनांची रांग शोधतेस. रांगच नाही. नेहमीचा तंतुवाद्यांचा ताफा त्यानं घरी पाठवलाय. त्याऐवजी विजेवरचं व्हायोलिन, चेलो आणि बास, इलेक्ट्रिक ऑर्गन, व्हायब्राफोन, दोन हार्प, दोन पियानो, ट्युबांची फौज आणि पुढे दोन थेरेमिन. त्यातल्या एकाशी सॅम्युएल हॉफमन उभा आहे. पेशानं पायांचा डॉक्टर. दिवसा लोकांची भोवरी कापतो आणि संध्याकाळी परग्रहांचा आवाज काढतो.

तू जवळ जाऊन बघतेस. एक लाकडी पेटी, एक उभी दांडी, एक आडवी कडी. हॉफमन कशालाच हात लावत नाही. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीवर खाली आणला की आवाज मालवतो. मध्ये पट्टी नाही, पडदा नाही, थांबायला जागा नाही. नुसती मींड. आजीच्या पेटीला जन्मात न जमलेली गोष्ट या यंत्राला सोडताच येत नाही. हॉलमधल्या तरुण वादकांच्या अंगावर काटा आलाय. तुझ्या नाही. सारंगी ऐकून मोठी झालेल्या पोरीला एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची भीती कशी वाटणार? तुला वाटतं, हा माणूस जरा बेसूर आहे, पण गळा चांगला आहे.

घुमणं बदलतं. खाली येतं. पांढरी पाचच्या जरा वर. घर? नाही, वास वेगळा आहे. खारट दमट हवा, विड्यांचा धूर, व्हायोलिनच्या राळेची भुकटी.

मुंबई, १९५४.

इथं थांब जरा. इथं बघण्यासारखं पुष्कळ आहे. फिल्मिस्तानच्या 'नागिन'चं काम चाललंय, संगीत हेमंतकुमारांचं. मधोमध मायक्रोफोन, आणि त्याच्यापासून कुणी किती हातांवर बसायचं हे खडूनं आखल्यासारखं ठरलेलं. ज्याचा आवाज मोठा तो मागे. सगळं एकाच ट्रॅकवर, एकाच दमात रेकॉर्ड होणार; शेवटच्या ओळीत एकाचा गज घसरला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून. तुझ्या लॅपटॉपवर तू तीनशे वेळा मागे जाऊ शकतेस. इथं मागे जाणं म्हणजे चाळीस जणांच्या शिव्या.

व्हायोलिनवाल्यांकडे बघ. बहुतेक गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्तकडून, म्हणजे मास्तरांकडून, पाच रेघांवरचं नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेले. पोटासाठी मुंबईत आले, रात्री हॉटेलांत नाचाचं संगीत आणि दिवसा सिनेमा. संगीतकार पेटीवर सरगम गातो. बाजूला बसलेला गोव्याचा अ‍ॅरेंजर ते पाच रेघांवर उतरवून घेतो. कुठला भाग चेलोला, कुठला क्लॅरिनेटला, हार्मनी कुठं भरायची, हे त्याच्या डोक्यात. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. पडद्यावर नाव आलंच तर 'सहाय्यक' म्हणून. हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा ज्यांनी लिहिला ते त्या ऑर्केस्ट्राचे सहाय्यक कसे, हे मला अजून समजलेलं नाही. असो.

आणि तिकडे, कोपऱ्यात, एक तरुण एका बुटक्या कीबोर्डशी बसलाय. कल्याणजी वीरजी शहा. संगीतकार व्हायला अजून वेळ आहे. त्याच्या पुढ्यातलं वाद्य फ्रान्समध्ये निघालेलं क्लॅव्हायोलिन: तीन सप्तकांचा कीबोर्ड, आत व्हॅक्यूम ट्यूब, एका वेळी एकच सूर. शेजारी पेटीवर रवी. कल्याणजी पट्टी दाबतो आणि भोपळ्याची पुंगी वाजते. तू डोळे मिटून ऐक. नाकातला, थरथरणारा, दम न घेणारा सूर. थिएटरांत नाग निघतात अशी अफवा उठेल इतकी ती पुंगी देशभर वाजणार आहे, आणि गल्लोगल्लीचे खरे गारुडी हीच धून वाजवणार आहेत. काच आणि तार यांतून निघालेला आवाज, आणि श्रोता त्यात मातीचा वास शोधतो.

आता मजा बघ. हाच सूर, हीच थरथर, पण घुमण्याबरोबर आता खालच्या रस्त्यावरच्या लॉऱ्या आणि थंडी. लंडन, १९६२ चा उन्हाळा. हॉलोवे रोडवर चामड्याच्या सामानाचं दुकान, वर जो मीक नावाच्या माणसाचं घर, आणि घरभर वायरी. जुलैत टेलस्टार हा दूरसंचाराचा उपग्रह वर गेलाय. त्याच्या नावाची धून इथं घरातल्या घरात तयार होतेय, आणि तिचं मुख्य वाद्य क्लॅव्हायोलिनच्याच जातीचं. डिसेंबरपर्यंत ही तबकडी ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर जाईल. लोक ऐकतील आणि त्यांना अवकाश दिसेल. नागोबा कुणालाच दिसणार नाही.

तुला हसू येतं. ते आवर, वरच्या मजल्यावरचा माणूस चिडका आहे.

१९६७ मध्ये तू फार थांबत नाहीस, पण डोकावून जा. माणूस चंद्रावर उतरायला अजून दोन वर्षं आहेत आणि हिंदी सिनेमा घाईला आलाय. मंगळावरच्या माणसांच्या 'वहाँ के लोग'ला संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचं. 'अलबेला'त चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटला आपल्या चालींत घरजावई करून घेणारा हा माणूस. त्याला मंगळ काय लांब? आणि दारा सिंगला चंद्रावर नेणाऱ्या 'चाँद पर चढ़ाई'ला संगीत उषा खन्नांचं. ते नाव नीट वाच. पुरुषांनी भरलेल्या या सगळ्या खोल्यांमध्ये पेटीशी बसून चाल सांगणारी बाई, १९५९ पासून. तुझ्या मित्रानं तुला काम दिलं तेव्हा तुझ्याच घरातलं कुणीतरी म्हणालं होतं, 'म्हणजे गाणी ना? सायन्सबियन्सचं कसं करणार?' त्यांना सांगायला हरकत नाही की चंद्रावरची स्वारी कुणाच्या चालीवर झाली.

डेनम, लंडनबाहेर, मार्च १९७७. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, ऐंशीच्या वर वादक, जॉन विल्यम्स. याच्याबद्दल तुला मी काय सांगणार. हे ऐकतच तू या धंद्यात आलीस. फक्त एवढं बघ की पडद्यावर आकाशगंगा, यंत्रमानव, आणि खोलीत थेरेमिन नाही, क्लॅव्हायोलिन नाही. विल्यम्सनं प्रेक्षकाला अनोळखी जगात नेताना त्याच्या हातात शंभर वर्षांपूर्वीचा ओळखीचा ऑर्केस्ट्रा दिलाय. मॉरिस मर्फीचा ट्रम्पेट तो पहिला सूर फुंकतो, तुझ्या अंगावर काटा येतो, आणि काटा ओसरल्यावर तुला भिंतीतलं घुमणं ऐकू येतं. पन्नासची वीज. घरचाच सूर. वादकांना तो बहुधा कधी जाणवला नसावा.

मग तो थांबतो.

इतकी शांतता तू कधी ऐकली नाहीस. कानात स्वतःचं रक्त वाजतंय. १९१५, हॅमरस्मिथ, सेंट पॉल्स मुलींची शाळा, आवाज न झिरपणारी संगीताची खोली. दाराबाहेर युद्ध चालू आहे आणि आत गुस्ताव होल्स्ट एका मोठ्या कागदाशी बसलाय. आठवडाभर मुलींना शिकवतो. मग सुटीच्या दिवशी हे. उजवा हात दुखतो, लिहिता येत नाही, म्हणून शाळेतल्याच दोन शिक्षिका त्याचा कच्चा खर्डा साफ उतरवायला मदत करतात. या माणसानं संस्कृतचे धडे घेतले आहेत. ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावल्या, सावित्रीवर छोटी ऑपेरा लिहिली. आता ग्रहांवर लिहितोय.

मंगळ आधीच लिहून झालाय, युद्ध सुरू व्हायच्या आधी. तू त्याच्या खांद्यावरून पानं चाळतेस. पाच मात्रा. तीन अधिक दोन. अर्धा झपताल उलटा टाकलेला. त्यानंतरच्या प्रत्येक अंतराळयुद्धाच्या संगीतात याचे पाय वाजतात, आणि तुझ्या लॅपटॉपवरच्या सात आवर्तनांतही, तुला न विचारता. सुरुवातीला व्हायोलिनवाले गजाचे केस वापरतच नाहीत. गज उलटा करून लाकडानं तारेवर टकटक करतात. तुझ्या नमुन्यांच्या लायब्ररीत ही टकटक आहे. तू ती कधी वापरली नाहीस, कारण एकटी ऐकली की ती पावसाच्या पागोळ्यांसारखी वाटते. इथं साठ जण एकदम करणार आहेत.

पण आज पुढ्यात नेपच्यून आहे. शेवटचा ग्रह. होल्स्टनं त्यात बायकांचा कोरस घातलाय, शब्दांशिवाय, आणि तो रंगमंचावर नाही. बाजूच्या खोलीत. सूचना आहे: शेवटी त्या खोलीचं दार हळूहळू, आवाज न करता, लावून घ्यायचं. शेवटचे सूर चालूच राहतात, दार लागत राहतं. गाणं कुठं संपलं हे कुणालाच कळू नये. रेकॉर्डिंगच्या यंत्रावर आवाज उतरवत नेण्याची कळ असण्याच्या कितीतरी आधी या माणसानं ती एका दारात शोधलीय. तू ती सूचना दोनदा वाचतेस. दार कोण लावणार, त्याला तालीम किती लागेल, बिजागरी करकरली तर काय, असले प्रश्न तुझ्या मनात येतात. त्याच्याही आले असणार.

परत येताना तू थोडी चुकतेस.

खोली तुझीच आहे, टेबल तेच, पण भिंतीला हिरवा ऑइलपेंट. खिडकीत आजोबा उभे आहेत, केस काळे-पांढरे, बनियन आणि पायजमा. नव्वदच्या दशकातली संध्याकाळ. घराघरांतले दिवे लागलेत, शेतांतले पंप चालू झालेत, सगळ्या ग्रिडवर ओझं आलंय आणि पन्नासची वीज अठ्ठेचाळीसवर घसरलीय. त्या वर्षांत ते रोजचंच होतं. मागच्या गल्लीतला सूरही त्याबरोबर घसरलाय: शंभराचा शहाण्णव. पांढरी पाचच्या जरा वर असायचा तो आता जरा खाली. आजोबा कान देऊन ऐकतात, आणि आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणतात, 'उतरला गं.' आतून आजीचा आवाज येतो, 'अहो, मीच का कमी उतरते.'

ते तुला बघत नाहीत. तुझा जन्म व्हायचाय.

वीज आली. पंखा. फ्रिज. मागच्या गल्लीत घुमणं, शंभराला जवळपास चिकटून. हल्ली ग्रिड फारसा हलत नाही. बारा वाजून दहा मिनिटं. तू लॅपटॉप उघडतेस आणि सगळ्यात आधी 'इंटरस्टेलर'चा ऑर्गन पुसून टाकतेस. मग ऑर्केस्ट्राचं ट्युनिंग ४४० वरून ४४९ वर नेतेस. सोळा पहिली, चौदा दुसरी, चेलो, बास, हॉर्न, सगळे मिळून अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा वर सरकतात, तक्रार न करता. आता त्यांची पांढरी पाच आणि मागच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर एक झालेत. मायक्रोफोन खिडकीत ठेवून तू तो दोन मिनिटं रेकॉर्ड करून घेतेस आणि डबल बासच्या खाली अंथरतेस. व्हायोलिनांना गज उलटे करायला लावतेस. वर एकच सूर, कुठंही न थांबता घसरणारा. तो सारंगीला द्यायचा की थेरेमिनला, हे उद्या बघू.

शेवटाला बायका हव्यात.

शनिवारी दुपारी आजीच्या भजनी मंडळाच्या सात जणी समोरच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या आहेत. चहा झालाय, पोहे झालेत, शेव कुणी आणली यावर चर्चा झालीय. आजी पेटीचा भाता उघडते.

'आजी, पेटी नको.'

'पेटीशिवाय? अगं, आम्ही काळी चारला सुरू करतो आणि तिसऱ्या भजनाला कुठल्या कुठे गेलेल्या असतो.'

'किती खाली जाता?'

कुलकर्णीकाकू म्हणतात, 'अर्ध्या पट्टीच्या वर तर नक्की. टाळ नसले तर पाऊण.'

तू मनात हिशेब करतेस. काळी चारपासून दोन तृतीयांश पट्टी खाली म्हणजे शंभराच्या दुपटीला, दोनशेला. मागच्या गल्लीत.

'तिथंच जायचंय,' तू म्हणतेस. 'शब्द नकोत. नुसता आकार. मी खूण करेपर्यंत थांबू नका, आणि मी दार लावायला लागले तरी थांबू नका.'

त्या एकमेकींकडे बघतात. मग एक जण सूर लावते आणि बाकीच्या धरतात. तू मागच्या खोलीत मायक्रोफोन ठेवून परत येतेस, दाराला हात लावतेस आणि ते पहिल्या बोटभर हलण्यातच करकरतं.

'थांबा,' तू म्हणतेस. 'शिवणयंत्राचं तेल कुठंय?'